कदाचित सर

त्या दिवशी ओसरीत कोण कोण होतं ते पहिलेच सांगून देते, म्हणजे मागून कोणी म्हणायले नोको का ही बुढी मनानं सांगून राह्यली. पार्बता मावशी होती, ओसरी तिचीच. तिची जाऊ अनसूया होती, खांबाले टेकून बसली होती, तिले इसराची बिमारी. हमीदाबी होती. तिचे मालक रहीमचाचा खाटेवर होते. ते पहिले कपडे शिवत, मंग सुई कायले असते तेच इसरले. दवाखान्याच्या कामाची सुमन होती, आशावाली. आमचा बुढा होता, म्हणजे माहा मालक, माहा पदर मुठीत धरून. मी होती. अन् सर मागून आले, कोणाले ठाव नसताना. मधात पार्बता मावशीची परात होती, पितळेची, तिच्या लग्नातली.

परातीचं मागून येइन. पहिले सरायचं सांगते.

सरायले चांगलं लांबलचक नाव होतं. ते कोणी घेतलं नाई. गावात त्याईले कदाचित सर म्हणत. काही इचारा, सर डोळे बारीक करत, वर आढ्याकडं पाहत, अन् म्हणत, कदाचित. पाऊस येइन का सर? कदाचित. चहा घेता का सर? कदाचित. अन् चहा तं पेऊन टाकत. पार्बता मावशीनं नातवाच्या लग्नाले बलावलं, तिलेबी तेच सांगतलं. मावशी तोंडाची फटकळ. ती म्हणे, "सर, पत्रावळ मांडू का नोको मांडू तेवढं बोला. कदाचितले वरण वाढता येत नाई." सर आले, पयल्या पंगतीत बसले, अन् भात मागून मागून खाल्ला.

शहरात औषधाच्या कॉलेजात शिकवत ते. पेन्शनीत निंगाले तसे आमच्या गावाले आले. आमचं गाव अनसिंगच्या इकडं, नाल्याच्या काठी. त्या नाल्याले उन्हाळ्यातबी ओल राह्यते, अन् ब्राह्मीले ओल लागते. म्हणून आले म्हणत. दुसरं काही कारण असन तं त्याईनं सांगतलं नाई, आमी इचारलं नाई. मांगं-पुढं कोणी नव्हतं. नाल्याजवळचं वावर मक्त्यानं घेतलं, टिनाची एक खोली बांधली, अन् तिथंच राह्यले.

साऱ्या शिवारात सोयाबीन अन् तूर, अन् सरायच्या वावरात गवत. म्हणजे आमच्या लेखी गवत. ब्राह्मी, शंखपुष्पी, आस्कंद, डोंगरातून आणलेली मालकांगोणीची येल. आमी जे निंदून धुऱ्यावर, वावराच्या कडेले, फेकतो ते सर हातानं लावत. लोक हासत. मी त्याईच्याकडं निंदाले जाय. तिथं सारं उलटं. इतके वर्ष हातानं जे उपटलं ते ठेवाचं होतं, अन् दुसरं उपटाचं होतं. मले समजे, हाताले समजेना. शंखपुष्पीचं निळं फूल दिसलं का इळा आपोआप जाये. सर वरडत नसत. उपटलेलं झाड उचलत, परत मातीत लावत, पाणी देत, अन् त्याच्यावर छत्री धरून उभे राहत. डोक्यावर ऊन अन् छत्री झाडावर. रस्त्यानं जाणारे म्हणत, सरायचंच डोकसं तपासा पहिले.

त्या खोलीत काचेच्या बाटल्या होत्या. सर पाला उकळत, गाळत, आटवत. पाटीभर पाल्यातून घोटभर पाणी, अन् त्या पाण्यातून चिमूटभर भुकटी. एकदा मी म्हणलं, "सर, येवढ्या पाल्यात म्हैस जेवली असती."

"कदाचित," सर म्हणले. "पण म्हशीला विसरायचा आजार होत नाही."

जे काही काढलं ते पहिले स्वतः चाखत. जीभ कधी हिरवी, कधी काळी. बोलले का दिसे.

अन् एक कायदा होता त्याईचा. त्या वावरात औषध म्हणाची बंदी. खोलीच्या दाराशी भुईनिंबाचे झाडं लावले होते, कडू जहर. जो औषध म्हणन त्यानं त्याचं एक पान चावाचं, थुकाचं नाई. मी पयल्याच दिवशी चावलं. सुमननं तं किती चावले. गावचे सरपंच चार माणसं घेऊन आले होते पाहाले, म्हणे, वा सर, गावात डोक्याचं औषध तयार होऊन राह्यलं. सरायनं पान तोडलं अन् पुढं केलं. सरपंचानं हासत तोंडात टाकलं, मंग हासणं थांबलं. सर म्हणत, औषध आहे की नाही तेच तर ठरायचं आहे. तोपर्यंत हा पाला. सर सोता कधी ते नाव तोंडातून काढत नसत. इतके वर्षं निंदलं मी तिथं, एकदाच आयकलं. ते येइन मागून.

आता आमच्या बुढ्याचं.

बुढा इहिरी खोदे. पाणी कुठं हाय ते सांगे. निंगालं तं लोक मान देत, नाई निंगालं तं शिव्या देत, दोन्हीबी त्यानं गुमान घेतलं. पहिले तो दोर इसरला. मंग कुदळ इसरला. मंग कोणाच्या वावरात काम हाय ते इसरला, अन् दिवसभर दुसऱ्याच्याच धुऱ्यावर बसून आला. लोक म्हणत बुढापा हाय. मीबी म्हणे बुढापा हाय. मंग एका दिवशी सांजीले मी भाकर वाढली. त्यानं खाल्ली, ताट सरकवलं, उठला, अन् मले हात जोडले.

"बाई, तुमी जेवू घातलं, लय उपकार. आता मले जाऊ द्या. माही बायको वाट पाहून राह्यली असन."

मी म्हणलं, कशी हाय तुमची बायको?

तं म्हणे, "बरी हाय. तोंडाची कडू हाय."

काय म्हणाव आता. मी भांडे घासले. मंग रोज दिवस बुडाले आला का तेच. पिशवी घे, दाराशी उभा राहे, जाऊ द्या म्हणे. मी त्याले गावाच्या एका कडेनं नेये अन् दुसऱ्या कडेनं आणे. दार दिसलं का म्हणे, आलं माहं घर. आतमंदी येये, अन् मले पाहून परत हात जोडे. पाय दुखत माहे. पण फेरी मारल्याबगर झोपे नाई.

पोरगी दूर नांदते. पोरगा पुण्याकडं कंपनीत. त्यानं पयल्या वर्षी नेलं होतं बुढ्याले, बिल्डिंगीत पाणी कुठून येते ते शोधत जिन्यावर उतरला अन् हरपला. परत आणून देल्ला. म्हणून मी त्याले संगं वावरात नेये. ब्राह्मीच्या वाफ्यात पाटाचं पाणी चाले, तिथं तो बसे. पाटातला गाळ बोटानं काढे, पाणी पुढं गेलं का खुश होये. माणसं इसरला, पाणी नाई इसरला.

सर त्याच्याजवळ येऊन बसत. खिशातून किल्ली, कंगवा, असं काही काढत, दाखवत, झाकून ठेवत, मंग इचारत काय होतं. वार इचारत, महिना इचारत. बुढ्याले काही आठवे नाई, पण सरायचं बोलणं त्यानं उचललं. आज कोणता वार? बुढा डोळे बारीक करे, वर पाहे, म्हणे, "कदाचित बुधवार." हे काय आहे? "कदाचित किल्ली." मी निंदता निंदता हासे. सरबी हासत. म्हणत, "बाई, माझ्या कॉलेजात एवढं चांगलं उत्तर कोणी दिलं नाही. सगळे खात्रीनं चुकत."

एका दिवशी मी इळा खाली ठेवला अन् म्हणलं, सर, एवढ्या बाटल्या भरल्या तुमी. ह्यातलं ह्यायले द्या थोडं. मी कोणाले सांगत नाई.

 सर म्हणले, "उंदरांना दिलं तर त्यांना विसरलेला रस्ता परत सापडतो. हे पाहिलंय. पण तुमचे मालक उंदीर नाहीत."

मी म्हणलं, "उंदराले भेटते अन् माणसाले नाई?"

"उंदीर मेला तर मी दुसरा आणतो," सर म्हणले.

मले राग आला. मी दिवसभर बोलली नाई. निंदलं मातर पुरं.

मंग त्याईले परवानगी भेटली. एका मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर होते संगं, ते तपासून गेले. आमच्या गावातले अन् बाजूच्या गावायतले इसराची बिमारी असलेले माणसं घेतले. पार्बता मावशीच्या ओसरीतच सर्व्यायले बलावलं. सरायनं उभं राहून सांगतलं. पुड्या भेटतीन, रोज एक, दुधासंगं. पण अर्ध्या लोकायच्या पुडीत पाल्याची भुकटी राहीन, अन् अर्ध्यायच्या पुडीत नुसतं पीठ, तसंच दिसणारं, तसंच कडू. कोणाले पाला अन् कोणाले पीठ, हे कोणी सांगणार नाई.

मावशी म्हणे, "आमाले नोका सांगू. तुमाले तं ठाव असन."

"मलाही माहीत नाही. मुद्दाम माहीत ठेवलं नाही."

साऱ्या बाया एकमेकीकडं पाहाले लागल्या. मावशी म्हणे, "सर, वाढणाराले ठाव नाई ताटात काय वाढलं? कोणाले सांगता हे?"

मंग सरायनं समजून सांगतलं. सर्व्यायलेच देल्लं अन् एखादा जरा बरा झाला, तं तो पाल्यानं झाला का घरच्यायनं रोज जवळ बसून पाजलं, बोललं, त्यानं झाला, हे कसं समजन? मावशी म्हणे, कोणच्यानंबी होवो, झाला म्हणजे झाला. सर म्हणले, मग पुढच्या गावाला काय सांगू? मावशीचं तोंड काही सरळ झालं नाई. आंगठे देल्ले साऱ्यायनं. मीबी बुढ्याचा आंगठा धरून टेकवला. मनात म्हणलं, सर खोटं बोलून राह्यले. त्याईले ठाव असन. अन् त्याईले ठाव असन तं ते आमच्या बुढ्याले पालाच देतीन, रोज त्याच्याजवळ बसतेत.

पुड्या आल्या. एकेकाचा डबा, डब्यावर नंबर. मी पुडी सोडली का पहिले उजेडात धरून पाहे. काय दिसते त्यात. पिवळट भुकटी. बुढा तोंड वाकडं करे अन् पिये.

अन् मंग गावात जे सुरू झालं ते सरायले कोणत्या कॉलेजात शिकवलं नसन. अनसूयानं एका दिवशी कुंकू बरोबर कपाळाच्या मधात लावलं. झालं, तिचीच पुडी खरी. रहीमचाचा निमाजले उलटे उभे राह्यले, तं हमीदाबी रडत आली, म्हणे आमच्याच नसीबात पीठ आलं. मी हापशीवर गेली तं एक जण म्हणे, तुह्या बुढ्याले तं खरीच असन, तू सरायच्या वावरातली. मी म्हणलं, खरी असती तं मले सांजीले एवढं फिराव लागलं नसतं. पुडीवरून बाया एकमेकीसंगं बोलणं सोडाले लागल्या. हमीदाबी अन् अनसूयाची सून एका गल्लीतल्या, तोंड फिरवून जात.

आता आमच्यात असं हाय, सप्ता उठला का काला होते. कोणाच्या घरच्या लाह्या, कोणाचं दही, कोणाचं लोणचं, कोणाची साखर, एकाच परातीत कालवाचं. मंग कोणी सावकार असो का कोणी इळ्यावर पोट भरणारा, हातावर सारखा घास. तिथं कोणाचं काय होतं ते इचाराचं नसते. पार्बता मावशीनं तेच काढलं. म्हणे, एकीच्या घरी दिवा अन् एकीच्या घरी अंधार, हे गावात चालत नाई. आणा डबे.

हमीदाबी म्हणे, "बराबर हाय बहन. आमच्यात कुर्बानीचाबी हिस्सा तोलून वाटतेत. इन्साफ व्हाले पायजे."

सुमन म्हणे सरायले इचारून घेऊ. मावशी म्हणे, त्याईले कायले तरास. त्याईले तसंबी ठाव नाई म्हणतेत ना, तं नसू दे ठाव.

मावशीनं हात धुतले, डोक्यावर पदर घेतला, जशी देवाजवळ घेते. साऱ्या पुड्या परातीत सोडल्या. कालवल्या. मंग चमच्यानं सारख्या वाटल्या, परत कागदात बांधल्या, ज्याच्या त्याच्या डब्यात टाकल्या. म्हणजे साऱ्यायच्या पोटात अर्धा अर्धा पाला. त्या दिवशी हमीदाबीनं अनसूयाच्या सुनेच्या हातचा चहा पेला. मलेबी बरं वाटलं, कायले नाई म्हणू. लय दिवसानं मी पुडी उजेडात न पाहता पाजली.

मंग ते दर खेपेले. नव्या पुड्या आल्या का मावशीच्या ओसरीत परात. डॉक्टर येऊन तपासत, लिहून नेत. आमी काही लपवलं नाई. कोणी इचारलंच नाई.

असं कितीतरी दिवस चाललं. अन् मंग तो दिवस, जे मी पहिले सांगतलं. परात मधात होती, मावशी कालवून राह्यली होती, अन् सर ओसरीच्या पायरीवर येऊन उभे राह्यले. हातात छत्री. मावशी खुशीत होती. म्हणे, "या सर, बरे आले. आमी तुमची फिकीर मिटवली. कोणाले खरी, कोणाले खाली, ते भांडणच नाई ठेवलं. सर्व्यायले सारखं केलं."

सर पायरीवर बसले. छत्री बाजूले ठेवली. म्हणले, कधीपासून?

मावशी म्हणे, पयल्या महिन्यापासूनच म्हणा.

सरायनं परात जवळ ओढली. चिमूटभर उचललं, जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. आमाले वाटलं आता कदाचित म्हणतीन. पण ते म्हणले, "यात औषध आहे. आता किती, कोणाच्या पोटात, ते कोणालाच सांगता येणार नाही."

औषध म्हणले ते. सुमननं माह्याकडं पाह्यलं.  सरायच्या सदऱ्याच्या खिशात भुईनिंबाचा पाला राहेच. त्याईनं एक पान काढलं, तोंडात टाकलं, चावलं, अन् गिळलं. आमच्यासमोर बसून, हळूहळू. तोंड वाकडं केलं नाई.

मंग त्याईनं मावशीले समजून सांगतलं, जसं लेकराले सांगतेत. आता आमच्या गावाचं काहीच धरता येणार नाई. ज्याले बरं वाटलं ते कशानं, ज्याले नाई वाटलं ते कशानं, काहीच समजणार नाई. एवढ्या वर्षाचं निंदलेलं, गाळलेलं, आटवलेलं, आमच्या गावापुरतं गेलं, अन् बाजूच्या गावायतले माणसं थोडे, नुसत्या त्याईच्यावर काही ठरत नाई. मावशीचा हात परातीतच राह्यला. ती म्हणे, "सर, शिव्या द्या."

"कशाला," सर म्हणले. "पुडी कशी घ्यायची ते मी सांगितलं. तुम्ही वाटून कसं खाता ते मी विचारलं नाही."

बुढा तेवढ्यात म्हणे, बाई, माही बायको वाट पाहून राह्यली असन. मी त्याले घेऊन उठली.

पुड्या बंद झाल्या. सारे डबे वापस गेले. सरायचं काम गेलं त्याचं वाईट वाटलं, पण खरं सांगते, मले फक्त आमच्या बुढ्याची पुडी गेली हे दिसे. अर्धी का असेना, जात होती ना पोटात. मी दुसऱ्याच दिवशी खोलीच्या दाराशी गेली. म्हणलं, सर, आता तुमचं मोजमाप तं मोडलंच. आता देऊन टाका ह्यायले. आता कोणाचं काय बिघडते.

सर बाटल्या धुऊन राह्यले होते. मांगं वळून पाह्यलं नाई.

"बाई, हे चालतं असं मला माहीत असतं, तर मी तुम्हाला चोरून दिलं असतं. पहिल्याच दिवशी, तुम्ही विळा खाली ठेवला तेव्हाच. कोणाला विचारलं नसतं. पण मला माहीत नाही. आता तपासायला डॉक्टरही नाहीत. पाल्याचा नुसता भार पडून यांचं काळीज बंद पडलं, तर मी तुम्हाला काय सांगू?"

 मले राग धरता आला नाई. मी इळा घेतला अन् वाफ्यात बसली.

त्या उन्हाळ्यात बुढा लय उतरला. मी एका दुपारी त्याले पाटाजवळ बसवून घरी भाकर आणाले आली. येता येता दुरून पाह्यलं. बुढा उन्हात बसून गाळ काढून राह्यला होता, सावलीचं त्याले भान नव्हतं, अन् सर त्याच्या बाजूले उभे होते. डोक्यावर ऊन, अन् छत्री बुढ्यावर. मी धुऱ्यावरच थांबली जराशी. मंग खाकरून गेली.

त्याच दिवशी भाकर खाता खाता बुढ्यानं माह्याकडं बोट दाखवलं अन् सरायले इचारलं, ह्या बाई कोण?

सर म्हणले, "तुमच्या घरच्या आहेत."

बुढ्यानं डोळे बारीक केले, वर आभाळाकडं पाह्यलं. लय येळ पाह्यलं.

"कदाचित," म्हणे.

मी हासली. पदर तोंडाले लावून हासली. कदाचित तं कदाचित. नाई म्हणला नाई. मी त्याच्यावर कितीक दिवस काढले.

मंग तो गेला. थंडीत गेला, झोपेतच. दिवस बुडाले पाय अजूनबी दाराकडं वळतेत माहे, फेरीले.

अनसूया गेली, रहीमचाचाबी गेले. मावशी हाय, पण ती परात तिनं माळ्यावर टाकून देल्ली. सप्त्याच्या काल्याले दुसऱ्याची आणतेत.

सरायनं परत सारं उभं केलं. दुसरे गावं धरले, किन्हीराजाच्या तिकडचे. गुडघे गेले होते, छत्रीच काठी झाली होती. एका दिवशी जीप घेऊन माह्या दाराशी आले. म्हणले, बाई, येता का? त्या बायांना मी सांगून पाहिलं. मान हलवतात. तुम्ही हलवली होती तशीच.

मी तिसरी शिकलेली. मी काय सांगू. पण गेली. तिथंबी तशीच ओसरी, तशाच बाया, तसेच बुढे खांबाले टेकलेले. मी उभी राह्यली नाई, त्याईच्यात जाऊन बसली. म्हणलं, मी काही शिकवाले नाई आली. आमी परातीत कालवलं ते सांगाले आली. सारं सांगतलं, जसं आता सांगून राह्यली. एक तरणी बाई होती, तिच्या सासूले बिमारी. ती म्हणे, "मावशी, तुमच्या मालकाच्या डब्यात काय होतं मंग? पाला का पीठ?"

 येवढ्या दिवसात मी सरायले ते इचारलंच नव्हतं. मी मांगं वळली. सर भिंतीले टेकून उभे होते.

म्हणलं, "सर, सांगा इले. आता तं सांगा."

सर म्हणले, "मला माहीत नाही, बाई. आधीही नव्हतं."

अन् मी त्याईच्या तोंडाकडं पाह्यलं, अन् मले पटलं. खरंच ठाव नव्हतं त्या माणसाले. रोज बुढ्याजवळ बसे, किल्ली दाखवे, छत्री धरे, अन् त्याच्या पोटात काय चाललं ते सोताले ठाव पडू देल्लं नाई. माह्याच्यानं झालं नसतं.

मी त्या बाईले म्हणलं, कोणाले ठाव नाई माय. पीठ असन तं पीठ. पण ते आमी सरळ पाजलं असतं, तं आज तुह्या सासूसाठी कोणाजवळ काही सांगाले असतं.

सर आता इथं नाईत. गुडघ्यापायी त्याईचा पुतण्या घेऊन गेला. वावरात परत सोयाबीन हाय. किन्हीराजाकडचं काम एक पोरगी पाहाते, डॉक्टरीन, अजून पुरं नाई झालं म्हणते. सर हायत का नाईत ते मले कोणी कळवलं नाई. असतीन कदाचित.

ज्यानं हे आयकलं त्याले माहं एवढंच सांगणं हाय. तुमच्या गावात असं कोणी डबे घेऊन आलं, समजून उमजून तुमी आंगठा देल्ला, तं आपल्या वाट्याची पुडी आपल्याच माणसाले पाजा. शेजारणीचा जीव तुटला तं तिले भाकर द्या, चहा द्या, तिच्या माणसाले एक फेरी मारून आणा, पण पुडी कालवू नोका. अन् आपल्या वाट्याले पीठ आलं असं वाटलं, तरी रोजच्या येळेवर, जवळ बसून पाजा.